दुभाष्याची जबानी

एबो टर्कसनचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं पोचवण्यात गेलं. सव्वीस वर्षं तो एसुआनोच्या कोर्टात दुभाषा होता. आरोपी फॅन्टीत, म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या भाषेत, बोलायचा, ते एबो इंग्रजीत सांगायचा. गोरा न्यायाधीश इंग्रजीत विचारायचा, ते एबो फॅन्टीत सांगायचा. एवढी वर्षं बोलून त्याचं स्वतःचं म्हणून कोर्टात एक वाक्य झालेलं नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमानच होता.

घराणंच मुळी बोलणाऱ्यांचं. त्याचा मामा राजाचा ओचामे होता, म्हणजे राजाचं तोंड. राजा पुटपुटणार आणि ओचामे ते सभेला खणखणीत सांगणार. सभेतल्या माणसाने राजाकडे बघून काहीही बरळावं, राजाच्या कानावर ते धुऊनपुसूनच जायचं. लहानपणी मामाने एबोला शेजारी बसवून शिकवलं होतं, "शिवी आली तर ती तुझ्यापाशी थांबली पाहिजे. आणि एखाद्याच्या आईची अब्रू निघेल असं तर काही सभेत उच्चारायचंच नाही. ते पुढे गेलं तर तू कसला ओचामे? पोपटच की." मामामागून ते काम एबोकडे यायचं, पण मिशनच्या शाळेने त्याला इंग्रजी शिकवलं आणि सरकारने उचललं. काम तेच आहे, फक्त राजा बदललाय, असं तो म्हणायचा. इथेच त्याची चूक झाली, पण ती त्याला कळायला सव्वीस वर्षं लागली.

गोऱ्या न्यायाधीशांना हा दुभाषा फार आवडायचा. साक्षीदार पाव तास हातवारे करून बोलला तरी टर्कसन तीन स्वच्छ वाक्यांत सांगून मोकळा. "टर्कसन असला की वेळेवर जेवायला मिळतं," असं एक न्यायाधीश निरोपाच्या भाषणात म्हणाला होता. एबोने तेही लोकांना फॅन्टीत सांगितलं, जेवण गाळून.

मग क्वामेना एसिल्फी न्यायाधीश होऊन आला.

एसिल्फी गावचाच. बाप पिंपं बनवायचा, आई किनाऱ्यावर माशांना धुरी द्यायची. मिशनच्या शाळेत पहिला आला, बापाच्या भाऊबंदांनी आणि आईच्या कुळाने मिळून त्याला लंडनला धाडलं, आणि तो बॅरिस्टर होऊन परतला. वीस वर्षं वकिली केली. त्याच्यापेक्षा निम्म्या अकलेची गोरी पोरं त्याच्यासमोर न्यायासनावर बसली, त्यांना तो वाकून "माय लॉर्ड" म्हणत राहिला. मग सरकारने त्याला मॅजिस्ट्रेट केलं, दूर उत्तरेला, जिथे त्याची भाषा कुणाला येत नव्हती. तिथे सात वर्षं काढली, आणि शेवटी हंगामी न्यायाधीश. हंगामी हा शब्द नीट लक्षात ठेवायचा. कायम करायचं की नाही ते सरकार बघणार होतं, आणि बघणारे डोळे पुष्कळ होते. आमच्या किनाऱ्यावर काळ्या माणसाने त्या खुर्चीवर बसायची ती पहिलीच वेळ.

पहिल्या दिवशी अख्खं गाव कोर्टात लोटलं. बाहेर ढोल, आत माणसांवर माणसं. एसिल्फी लाल झग्यात आला, बसला, आणि इंग्रजीत म्हणाला, "ढोल बंद करा. इथे मी कुणाचा भाचा नाही."

एबोने ते फॅन्टीत सांगितलं, "न्यायाधीश आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहेत, पण कामाची वेळ झाली आहे." लोक खुशीत गप्प बसले. एसिल्फीने चष्म्यावरून एबोकडे एकदा पाहिलं.

आजवर वरच्या माणसाला फॅन्टी येत नव्हती आणि खालच्याला इंग्रजी, मधल्या जागेत एबो राजा होता. आता वर बसलेल्या माणसाला दोन्ही येत होत्या. पण कायदा असा की कोर्टाची भाषा इंग्रजी. कागदावर चढणार ते दुभाष्याने सांगितलेलं. न्यायाधीशाला फॅन्टी येते हे कायद्याला माहीतच नव्हतं. एबो अदबीने सांगत राहिला, एसिल्फी खाली मान घालून लिहीत राहिला. दोन वर्षांत त्याने एबोला फक्त तीनदा टोकलं.

आणि गाव? गावाने महिनाभर त्याला डोक्यावर घेतलं, मग खाली आपटलं. न्यायाधीश टेकडीवरच्या बंगल्यात राहायचा, जिथे बाकी सगळे गोरे. त्यांच्या क्लबात त्याला बोलावणं नव्हतं. गावातली बोलावणी होती, पण तो जायचा नाही. आज ज्याच्या घरी जेवलो तोच उद्या पक्षकार म्हणून समोर आला तर काय करायचं, असा त्याचा हिशेब. लग्नाला नाही गेला, ते लोकांनी गिळलं. पण मयताला न जाणं? आमच्यात माणूस उपाशी राहील पण मयत चुकवणार नाही. "आईच्या पोटातून काळा निघाला, लंडनच्या बोटीतून पांढरा उतरला," असं बाजारातल्या बाया म्हणायच्या. संध्याकाळी तो टेकडीवर एकटाच फेऱ्या मारताना दिसायचा. एबोला त्याची दया यायची, पण टेकडीवर जायची छाती नव्हती.

अशात एको म्बिरचा खटला उभा राहिला.

एको नाखवा होता, तिशीचा, गरीब स्वभावाचा. किनाऱ्यावर होडी कुठे ओढायची यावरून कोबिना ओटू नावाच्या बड्या होडीवाल्याशी एकोच्या आईचं, आरबाचं, वाजलं. ओटूचा आवाज मोठा आणि हात त्याहून मोठा. त्याने सगळ्या बाजारादेखत त्या साठीच्या बाईचं कापड ओढून फेडलं. एको वल्हं घेऊन धावला, एकच तडाखा दिला. तिसऱ्या दिवशी ओटू मेला. आरोप खुनाचा होता, म्हणजे फाशीच.

पकडल्यावर जिल्हा अधिकाऱ्यापुढे एकोची पहिली जबानी झाली होती. खोलीत चौघंच होते: एको, गोरा अधिकारी, फॅन्टी न कळणारा उत्तरेकडचा शिपाई, आणि एबो. मान खाली घालून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात एको म्हणाला होता, "त्याने माझ्या आईला भर बाजारात उघडी केली. मग मला काही दिसलंच नाही." एबोच्या जिभेवर मामा बसलेला. त्याने सांगितलं, "मयताने माझ्या आईचा अपमान केला, म्हणून मला राग आला." अधिकाऱ्याने तेच उतरवून घेतलं. एबोला तेव्हा वाटलं, आपण एका म्हातारीची लाज राखली.

आता मोठ्या कोर्टात वकिलाने एकोला फार समजावलं, तेव्हा त्याने ज्यूरीसमोर खरं काय ते सांगितलं. या वेळी एबोनेही ते गाळलं नाही, कारण समोर एसिल्फी होता. पण सरकारी वकील पेनिंग्टन उठला आणि पहिली जबानी नाचवत म्हणाला, "तेव्हा नुसता अपमान होता. आज अचानक कापड फेडलं. ही गोष्ट तुरुंगात रचलेली आहे, सद्गृहस्थहो." शब्दाने अपमान झाला म्हणून जीव घेतला तर तो खून, आईला उघडी केलेली बघून हात उठला तर सदोष मनुष्यवध. एकोची मान त्या दोन वाक्यांच्या मधे अडकली होती.

साक्षीला आरबा आली. वकिलाने विचारलं, "त्या माणसाने तुमचं काय केलं?"

"शिव्या दिल्या," आरबा म्हणाली.

"आणखी काय?"

"शिव्याच दिल्या, बाबा. माझं पोर सोडा." आणि तिने कापडाचा पदर दोन्ही मुठींत गच्च धरला. बाजारातले आणखी तिघं साक्षीला आले. सगळ्यांनी शिव्याच ऐकल्या होत्या, कुणी काही पाहिलं नव्हतं.

एसिल्फीने जेवणाची सुट्टी दिली. उठता उठता त्याने एबोकडे पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

घरी बायकोने, एकुआने, केंकीचा, आंबवलेल्या मक्याचा, गोळा आणि तिखटातला मासा वाढला. एबो नुसता चिवडत बसला.

"मासा काय उलटतपासणीला घेतलाय?" एकुआ म्हणाली. "खा की."

"एकुआ, त्या दिवशी तू बाजारात होतीस ना?"

तिचा हात थांबला. "होते."

"काय पाहिलंस?"

"सगळ्यांनी पाहिलं तेच. आणि पाठ फिरवली. आरबा माझ्या आईच्या वयाची आहे. तिचं असलं मी चारचौघांत बोलू? तुम्ही बोलला असता?"

"नाही. मी नाहीच बोललो," एबो म्हणाला, आणि जिल्हा अधिकाऱ्याच्या खोलीत काय झालं ते त्याने तिला सांगितलं.

एकुआ म्हणाली, "एक वर्ष राहिलंय निवृत्तीला. आत्ता तोंड उघडलंत तर पेन्शन गेली. आणि त्या एसिल्फीलाही घेऊन बुडाल. गोरे म्हणतील, बघा, यांच्या हातात कोर्ट दिलं की असं होतं."

"म्हणतील."

"मग गप्प बसा. सगळं गाव गप्प आहे, तुम्ही एकटेच गुन्हेगार का?"

"गाव गप्प बसलं, ते आपापल्या जागेवर," एबो म्हणाला. "मला सरकारने बोलायलाच उभं केलं होतं, बाई. त्या पोराने माझ्या हातात दिलं आणि मी खिशात घातलं."

एकुआने ताट ओढून घेतलं. "खाणार नसाल तर उठा. आणि जायचंच असेल तर कोट तरी झटकून जा. मळका कोट घालून कुणी पेन्शन घालवत नाही."

कोर्ट पुन्हा भरलं. पेनिंग्टन शेवटचं भाषण करायला उठला, तेवढ्यात एबो टर्कसन पिंजऱ्याजवळून दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला, "माय लॉर्ड, मला बोलायचं आहे."

"कुणाच्या वतीने?" एसिल्फीने विचारलं.

"माझ्या."

एसिल्फीने टाक खाली ठेवला. नियमाप्रमाणे सगळं केलं: टर्कसनला दुभाष्याच्या कामावरून दूर केलं, बेलिफ क्वेगिरला त्याच्या जागी उभं केलं, टर्कसनला बायबलवर शपथ दिली. इंग्रजीत बोलणार का, असं विचारल्यावर एबो म्हणाला, फॅन्टीत. आजवर इंग्रजीत त्याने इतकं गोड केलं होतं की त्या भाषेत स्वतःवर त्याचा भरवसा नव्हता.

त्याने सगळं सांगितलं. क्वेगिर बिचारा घामाघूम होऊन इंग्रजी करत होता. वरिष्ठाची लाज राखावी म्हणून तो म्हणाला, "साक्षीदार म्हणतो की भाषांतरात थोडी साफसफाई झाली."

तेव्हा एसिल्फी फॅन्टीत बोलला. त्या खुर्चीवरून पहिल्यांदाच. "क्वेगिर, तो म्हणाला, मी कापून टाकलं. जसं म्हणाला तसं सांग. एकाने गाळलं तेवढ्याने भागलं नाही का?"

पेनिंग्टनने एबोला सोलून काढलं. "म्हणजे सव्वीस वर्षं तुम्ही या कोर्टाला फसवत होता?"

"मला वाटायचं, मी मान राखतोय."

"कुणाचा?"

"ते मला आज दुपारी कळेनासं झालं, साहेब," एबो म्हणाला.

आरबा मागच्या बाकावर उठून उभी राहिली होती. ती रडत रडत ओरडली, "फेडलं! फेडलं हो माझं कापड! लिहा आता!" तिला कुणी खाली बसवलं नाही. बाजारातल्या बाया, ज्यांनी काही पाहिलं नव्हतं, त्या तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभ्या राहिल्या.

ज्यूरीने सदोष मनुष्यवध ठरवला. एकोला सहा वर्षं झाली. फाशी टळली.

तीन आठवड्यांनी एबोला बडतर्फीचं पत्र आलं, पेन्शन रद्द. खाली शिफारस करणाऱ्याची सही होती: के. एसिल्फी. गावाने एसिल्फीला पुन्हा शिव्या घातल्या. ज्या माणसाने खरं सांगितलं त्यालाच हाकललं, गोऱ्यांपुढे शेपूट हलवायला, असं लोक म्हणाले. तेही फळलं नाही. वरून हुकूम आला, न्यायाधीशाला कायम करण्याचा विचार आणखी दोन वर्षं पुढे.

एबोने मात्र त्याला शिवी दिली नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं, असं तो एकुआला म्हणाला. एकुआ म्हणाली, "तुम्हा दोघांचं लग्न लावून द्यायला हवं होतं." पेन्शन गेल्याने तिने माशांना धुरी द्यायची आपली जुनी भट्टी पुन्हा पेटवली होती, आणि एबो तिथे लाकडं फोडायचा. न्यायाधीश झाला, दुभाषा झाला, शेवटी सगळे आपल्या आयांच्या धंद्यावर येतात, असं ती धुरात डोळे पुसत म्हणायची.

एका शनिवारी चारच्या सुमाराला एसिल्फी टेकडी उतरून आला. चालत, बिनकोटाचा, खांद्यावर कापड घेतलेलं. गल्लीतल्या बाया हातातली कामं टाकून बघत राहिल्या. तो सरळ एबोच्या अंगणात शिरला. एकुआने, रीत म्हणून, बसायला दिलं, पाणी दिलं. तो पाणी प्यायला, थोडं पितरांसाठी जमिनीवर सांडलं. मग एबोने, रीतीप्रमाणेच, विचारलं, "आमच्याकडे सगळं शांत आहे. आपलं येणं कशासाठी?"

"एबोदादा," एसिल्फी म्हणाला. एकुआने चमकून वर पाहिलं. "ते पत्र मी लिहिलं. लिहायलाच हवं होतं."

"हो."

"पण मी दोन वर्षं त्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. तुम्ही गाळायचात ते मला कळायचं. मी तीनदा बोललो. तीस वेळा बोलायला हवं होतं तिथे खाली बघून लिहीत राहिलो. वाटायचं, फॅन्टी येते म्हणून दाखवली तर म्हणतील हा आपल्या लोकांच्या बाजूने ऐकतो. मला कुणी बडतर्फ केलं नाही. मीच माझं पत्र कसं लिहू?"

एबोच्या मनात खटल्यापासून एक वेगळीच गोष्ट कुरतडत होती, आणि आता न्यायाधीश समोर बसल्यावर ती दाबून ठेवणं जमेना. "एको वाचला," तो म्हणाला. "पण तो पहिला नव्हता."

"म्हणूनच आलोय," एसिल्फी म्हणाला. त्याने कापडाच्या आतून कागद काढला. "जे तुरुंगात आहेत त्यांच्यापासून सुरू करा. त्यांच्यासाठी अर्ज करता येईल."

संध्याकाळपर्यंत सात नावं झाली. मग एबो थांबला.

"आणि जे तुरुंगात नाहीत? जे उरलेच नाहीत?"

"आहे का असं कुणी?"

"एक आहे. नक्की आहे. नऊ वर्षं झाली." एबो म्हणाला. "क्वेसी अनान. एकुम्पोचा. त्याने सांगितलं होतं, समोरच्याने आधी सुरा काढला होता म्हणून. पण ते सांगताना त्याने त्या समोरच्याच्या आईबद्दल असं काही घाण म्हटलं, की मी तो सगळाच तुकडा सोडून दिला. सुराही त्यातच गेला. त्याला फाशी झाली. मेलेल्याचा अर्ज कुठे करायचा?"

एसिल्फीने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "त्याची आई असेल ना?"

मंगळवारी, रीतीप्रमाणे समुद्र बंद असतो, होड्या काढत नाहीत त्या दिवशी, दोघं चालत एकुम्पोला गेले. एफुआ अनान दारातच जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती. ऐंशीच्या घरातली, पण डोळे स्वच्छ. तिने दोघांना ओळखलं की नाही ते कळलं नाही. पाणी दिलं, आणि येणं कशासाठी म्हणून विचारलं.

एसिल्फी तोंड उघडणार तोच एबो म्हणाला, "मला सांगू द्या." आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून त्याने सांगितलं. तिच्या पोराने काय म्हटलं होतं ते, ती घाण शिवीसुद्धा, जशीच्या तशी, मग सुरा, मग त्याने स्वतः इंग्रजीत काय सांगितलं ते. एक शब्द गाळला नाही. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून बसला. आता ही आपल्या तोंडावर थुंकेल, असं त्याला वाटत होतं, आणि थुंकली तर बरं, असंही.

म्हातारी जाळं मांडीवर घेऊन तशीच बसून होती. "मी मागच्या बाकावर होते," ती म्हणाली. "पोराने सांगितलं ते सगळं मी कानांनी ऐकलं. सुऱ्याचंही. मला वाटलं, चला, सुटला. नऊ वर्षं मी त्या गोऱ्याला शाप देत होते, की मेल्या, तू एवढं सगळं ऐकलंस आणि तरी माझ्या लेकराला लटकवलंस."

तिने एबोकडे नीट निरखून पाहिलं.

"म्हणजे त्याला ऐकूच आलं नव्हतं?"